अजब बंगला कसा पाहायचा: एका भांडेवाल्याची पद्धत

माझी चाळीस वर्षं इतवारीत भांडी विकण्यात गेली. दुकान आता पुतण्या पाहतो, आणि मी सकाळी तर्री-पोहे खाऊन कुठे कुठे फिरत असतो. त्यातलं एक ठिकाण म्हणजे अजब बंगला. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाचं हे आमचं घरगुती नाव. संग्रहालय कसं पाहावं हे भांडेवाल्यानं काहून सांगावं, असं वाटेल. मला पुराणवस्तूंतलं काही कळत नाही. पण समोर ठेवलेली वस्तू हात न लावता तोलायची, ती किती वापरली गेली, कुठे डाग देऊन जोडलेली आहे, कुठे ठिगळ आहे हे नुसत्या नजरेनं ओळखायचं, एवढं गल्ल्यावर बसून आलं. काचेच्या कपाटापुढे तेवढंच कामी येतं.

हे संग्रहालय 1863 सालचं. मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल याच्या काळात ते सुरू झालं. त्याच वर्षी स्टीफन हिस्लॉप हा नागपूरचा स्कॉटिश मिशनरी टाकळघाटची दगडांची वर्तुळं पाहून परत येताना बोरी नदीत बुडून गेला. ज्याच्या नावाचं कॉलेज आहे तोच. इथल्या गोंड आणि इतर आदिवासींबद्दल त्यानं लिहून ठेवलेली टिपणं टेम्पलनं 1866 मध्ये छापून घेतली. त्या काळच्या साहेबांना दगड, किडे, पक्षी आणि माणसं एकाच उत्साहानं गोळा करायची हौस होती. म्हणून एकाच छपराखाली पेंढा भरलेले प्राणीही आहेत आणि आदिवासी कलेचं दालनही. पोरं प्राण्यांकडे धावतात. धावू द्या. आपल्याला जायचंय ते आदिवासी दालनात.

आधी जाण्याचं सांगतो. सोमवारी बंद असतं. मेट्रोनं झिरो माइल किंवा कस्तुरचंद पार्कला उतरायचं, पुढे चालत किंवा ऑटोनं. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्सचे रस्ते बॅरिकेड्सनी अडलेले असतात. एका टोकाला मोर्चा, दुसऱ्या टोकाला मंत्र्यांच्या गाड्या. त्या दिवसांत जाऊ नका. मे महिन्यात जायचं तर सकाळीच, दुपारी बाराला आपल्या नागपूरच्या उन्हात कुत्रंही रस्त्यावर येत नाही. मला विचाराल तर पावसाळ्यातला एखादा मधला वार सगळ्यात बरा. शाळांच्या सहली नसतात, आणि दालनात तुम्ही, पहारेकरी आणि पंखा एवढेच असता.

कपडे गडद रंगाचे घाला. हसू नका. पांढरा सदरा घालून काचेसमोर उभं राहिलं की वस्तूच्या जागी आपलंच पोट दिसतं. हे मला तिसऱ्या खेपेला लक्षात आलं, तोपर्यंत मी काचेलाच दोष देत होतो. तेव्हापासून अजब बंगल्याला जाताना मी निळा सदरा घालतो. बायको म्हणते, "कोणाच्या लग्नाले चालले का?"

खिशात छोटी वही आणि पेन्सिल असू द्या. फोटो काढता येतो का ते दारावर विचारा, पण फोटोवर फार भिस्त ठेवू नका. शंभर फोटो काढलेला माणूस घरी येऊन एकही पाहत नाही. त्यापेक्षा एका वस्तूचं वाकडंतिकडं चित्र काढा. चित्र काढताना हँडल नेमकं कुठून निघतं हे पाहावंच लागतं.

आता मुख्य गोष्ट. पूर्ण दालन पाहायला जाऊ नका. एक फेरी भराभर मारा, काही वाचू नका, आणि पाच वस्तू निवडा. त्या पाचांपुढे एक तास घालवा. लग्नाची भांडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी अख्ख्या दुकानावर नजर फिरवतं आणि मग एका परातीला अर्धा तास ठोकून पाहतं. ते बरोबर करतं.

वस्तूपुढे उभं राहिलं की पाटी शेवटी वाचायची. आधी झीज शोधायची. माझ्याकडे जुनं भांडं आलं की मी पहिल्यांदा बूड पाहायचो, मग काठ, मग कान. भांडं कुणाच्या घरात कसं राहिलं ते या तीन जागा सांगतात. पायातले वाळे असतील तर आतली बाजू पाहा. घोट्याच्या हाडावर घासून तिथे सपाटी येते. जोडीचे वाळे एकमेकांवर आपटतात, म्हणून दोघांच्याही आतल्या अंगाला टवके असतात, आणि ते बरोबर समोरासमोर येतात. तसं काहीच नसेल, सगळीकडे सारखीच गुळगुळीत चकाकी असेल, तर ती जोडी बहुधा कुणाच्या पायात फार गेलीच नाही. बाजारातून नवी आणून कपाटात ठेवलेली असावी. त्यानं तिची किंमत कमी होत नाही, पण गोष्ट वेगळी होते. मुसळ असेल तर मधला भाग पाहा, हाताच्या घामानं काळा पडून चमकतो. लाकडी फणी असेल तर तेल कुठवर मुरलंय ते पाहा. ढोलाचं कातडं एका अंगाला जास्त काळं असेल तर वाजवणारा कुठल्या हाताचा होता याचा अंदाज येतो.

उजेड तिरका पडला की या खुणा उठून दिसतात. पहारेकऱ्याला विचारून मोबाईलचा टॉर्च काचेच्या कडेनं, आडवा धरा. समोरून धराल तर काचच चमकेल. पहारेकऱ्याशी दोन शब्द बोलून ठेवणं तसंही फायद्याचं असतं. रोज आठ तास त्याच वस्तूंसमोर काढणाऱ्या माणसाइतकं त्या कुणी पाहिलेल्या नसतात. मला एकानं सांगितलं होतं, "काका, दुपारी तीन वाजता या, खिडकीतून ऊन येते तेव्हा हे पितळ पाहाच." मी गेलो. बरोबर होतं त्याचं.

दुसरं, वजन. डोळ्यांनी वजन करायला शिका. भरीव पितळ लिटरच्या मापाला साडेआठ किलोच्या आसपास भरतं. ॲल्युमिनियम, म्हणजे आपल्याकडे ज्याला जर्मन म्हणतात ते, पावणेतीन. मूठभर दिसणारी पितळी मूर्ती भरीव असेल तर सहज दोन-अडीच किलो निघते. गळ्यात जाड पितळी सरी घालून बाई दिवसभर शेतात वाकत असे, म्हणजे किती वजन मानेवर घेऊन, हे एकदा डोक्यात आलं की तो दागिना नुसता सुंदर राहत नाही. पुढे पुष्कळ ठिकाणी दागिने जर्मनचे झाले. स्वस्त म्हणून झाले हे खरंच, पण हलके म्हणूनही झाले असतील, असं मला माझ्या आईच्या पाटल्या आठवून वाटतं.

तिसरं, घडण. इथे मला थोडं जास्त बोलू द्या, कारण माझा जीव धातूत आहे.

गडचिरोलीपासून बस्तरपर्यंतच्या पट्ट्यातल्या पितळी मूर्ती, घोडे, हत्ती, दिवे तुम्ही हस्तकलेच्या प्रदर्शनात पाहिले असतील. त्याला ढोकरा म्हणतात. बस्तरमधले हे काम करणारे लोक म्हणजे घडवा. पद्धत अशी: माती आणि भुशाचा ओबडधोबड गाभा करायचा, तो वाळवायचा. मधमाशांच्या मेणाच्या बारीक दोऱ्या पाडून त्या गाभ्यावर एकाला एक लावून गुंडाळायच्या. डोळे, शिंगं, गळ्यातली घुंगरं, सगळं मेणाचंच. मग त्यावर वारुळाच्या मातीचा बारीक लेप, त्यावर जाड माती, एक भोक ठेवून. भट्टीत घातलं की मेण वितळून जातं आणि मातीत मेणाच्या आकाराची पोकळी उरते. त्या पोकळीत वितळलेलं पितळ ओतायचं. निवलं की साचा फोडायचा. साचा फुटतोच, म्हणून तशीच दुसरी मूर्ती होत नाही. हुबेहूब जोडी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ते काय सांगत असतील, कुणास ठाऊक.

काचेतून हे ओळखायचं कसं? अंगावर दोऱ्यासारख्या समांतर रेघा दिसतील, मेणाच्या दोऱ्यांच्या. पोटाखाली किंवा पायाशी एखादा तोडलेला ठोंब दिसेल, तिथून धातू ओतला. कुठे तरी बारीक भोक, तिथे धातू पोचला नाही. आमच्या धंद्यात असं भोक म्हणजे माल परत. इथे ते भोक सापडलं की मला खाण सापडल्यासारखं होतं. मोहेंजोदडोची ती साडेदहा सेंटिमीटरची नाचणारी मुलगीही अशीच मेणाच्या साच्यातून आलेली, साडेचार हजार वर्षांपूर्वी. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात तिच्यापुढे उभा राहिलो तेव्हा मी आधी ओतायचं तोंड कुठे असेल तेच शोधत होतो. बरोबरचे पाहुणे मला ओढत पुढे घेऊन गेले.

आता एक गोष्ट सांगतो, जी दुकानात कुणाला सांगत नसे.

गडचिरोली जिल्हा 1982 मध्ये झाला. त्याच्या आधी तो सगळा मुलूख चांद्याचाच, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा. त्या वेळी मी पंचविशीतला. एक माणूस थैली घेऊन दुकानात आला. मोड घेता का म्हणाला. मोड म्हणजे जुनं, फुटकं भांडं. वजनावर घ्यायचं आणि भट्टीला पाठवायचं, भंडाऱ्याकडे भांडी घडवणाऱ्यांना तेच पितळ पुन्हा जायचं. त्याच्या थैलीत दोन फुटके लोटे, वाळ्यांची जोडी आणि एक बैल. वीतभर, अंगावर दोऱ्यांच्या रेघा, एक शिंग अर्धवट. पाठीवर खोगिरासारखं काहीतरी, आणि तिथेच हात फिरून फिरून झालेली झिलई. मी बैल पारड्यात टाकला, सगळ्यांचं मिळून वजन केलं, पितळेचा भाव लावला, थोडी घट धरली. वडील म्हणाले, "शिंगात माती आहे, पाव किलो कमी धर." धरलं. तो माणूस पैसे मोजून गेला. त्याचं नाव मी विचारलं नाही. बैल भट्टीत गेला. लोटा झाला असेल, नाहीतर समई.

पुढे कित्येक वर्षांनी भाच्याला घेऊन एका संग्रहालयात गेलो असताना काचेमागे तसाच बैल दिसला. तसाच म्हणजे तोच नव्हे, साचा फुटतो हे सांगितलंच. पण पाठीवर तशीच झिलई. भाचा म्हणाला, "मामा, कायले थांबले?" मी म्हटलं, चप्पल चावून राहिली.

म्हणून पाटी वाचायची वेळ आली की मी तिच्यात काय नाही ते वाचतो. तुम्हीही वाचा. अशा दालनांच्या पाट्यांवर देशोदेशी बहुधा जमातीचं नाव असतं, वस्तूचं नाव असतं, प्रदेश असतो. कुणी घडवलं ते नसतं. कुणाकडून आलं, विकत की भेट की उचलून, किती पैशांत, तेही नसतं. आमच्या दुकानातून बिननावाचं भांडं क्वचितच बाहेर पडायचं. दाराशी नाव घालणारा बसलेला असायचा, छिन्नी-हातोडीनं टिंब टिंब करून "सौ.कां. अमुक हिस मामाकडून" आणि खाली तारीख. चार आण्याच्या वाटीवरसुद्धा. आणि इथे शंभर-शंभर वर्षांच्या वस्तू, एकाही कारागिराचं नाव नाही. नाव ठेवणं अशक्य नव्हतं. पाटणगढच्या जनगढ सिंह श्याम या गोंड चित्रकाराला 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी भोपाळच्या भारत भवनात आणलं आणि त्याच्या चित्राखाली त्याचं नाव लागलं. तेव्हापासून गोंड चित्र म्हटलं की लोक चित्रकाराचं नाव विचारू लागले. वस्तूवर एखादा रंगानं लिहिलेला बारीक नंबर दिसतो, तो मात्र टिपून ठेवा. तो संग्रहालयाच्या नोंदवहीतला नंबर असतो. कार्यालयात नीट अर्ज करून, नीट बोलून त्याबद्दल विचारता येतं. उत्तर मिळेलच असं नाही, पण विचारणारा कुणी आहे हे त्यांना कळतं.

आणि हेही लक्षात असू द्या की ज्या शहरात आपण हे दालन पाहतोय ते शहरच एका गोंड राजानं वसवलं. देवगडच्या बख्त बुलंद शाहानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बारा वाड्या जोडून नागपूर उभं केलं, भोसले नंतर आले. महालातला गोंड राजांचा किल्ला आजही आहे. आपण "आदिवासी म्हणजे जंगलातले" असं धरून दालनात शिरतो तेव्हा हे विसरलेलं असतं. 2011 च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे 29 लाख 84 हजारांच्या वर होते. म्हणजे तुमच्या बाजूला उभं राहून तेच कपाट पाहणारा माणूस त्यातलाच असू शकतो. मी एकदा पाहिलं, एक कुटुंब एका कपाटापुढे आलं, बाईनं चपला काढल्या, हात जोडले, म्हाताऱ्यानं हळूच "जय सेवा" म्हटलं. मी पेन्सिल खिशात घातली आणि बाजूला झालो. आपल्याला जी मूर्ती वाटते ती कुणाचं पेन, म्हणजे देव, असू शकते. तिथे मोठ्यानं हसू नका, तिच्याशी सेल्फी घेऊ नका. एवढं सांगावं लागतं म्हणून सांगतो.

जमलं तर कुणी जाणतं बरोबर न्या. आमच्याकडे पापड लाटायला येणाऱ्या मावशी गडचिरोलीतल्या एटापल्लीकडच्या. त्यांना मी दुसऱ्या एका शहरातल्या संग्रहालयात घेऊन गेलो होतो, कुटुंबाच्या सहलीत. तिथे बांबूचा मासे धरायचा पिंजरा टांगला होता. मावशी बराच वेळ पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "भाऊ, उलटा टांगला बाप्पा. अशानं मासा आत येते आणि निघून जाते." मग त्यांनी पदर हातात धरून दाखवलं, तोंड कुठे, पाणी कुठून, काड्या आत वळलेल्या कशा. त्या दिवशी मी जे शिकलो ते कुठल्याच पाटीवर नव्हतं. पुढच्या तुंब्यापुढे मात्र त्या काहीच बोलल्या नाहीत. "हे तर घरी आहे," म्हणाल्या, आणि बाकड्यावर जाऊन बसल्या.

लहान मुलं असतील तर प्रश्न एकच द्या: यातली कुठली वस्तू कुणी दुरुस्त केलीय? शोधतात बरोबर. खिळे मारून जोडलेली चीर, सुतळीनं बांधलेली मूठ. नातीनं एका खेपेला तीन शोधल्या, मला दोनच दिसल्या होत्या.

एका दिवसात सगळं उरकायचा मोह धरू नका. 2025 च्या फेब्रुवारीत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून आलेली वाघनखं इथे ठेवली, तेव्हा मीही रांगेत उभा राहिलो. पाहिली, धन्य झालो, पण त्या गर्दीत आदिवासी दालन पाहायचं नाही हे ठरवूनच गेलो होतो. गर्दीत पाहिलेली वस्तू फक्त ओळखली जाते. दालन नीट पाहणं ही बाब वेगळ्या दिवसाची.

बाहेरच्या देशातल्या अशा संग्रहालयांतही हीच पद्धत चालते. भाची बर्लिनला असते. हुम्बोल्ट फोरममधून तिनं व्हिडिओ कॉल केला, "मामा, हे पहा पितळ." नायजेरियातल्या बेनिनचे पितळी फलक. तेही मेणाच्या साच्यातूनच ओतलेले, आणि काय ओतकाम! माझ्या तोंडून शिवीच निघाली, कौतुकाची. 1897 मध्ये इंग्रजांनी बेनिन लुटलं आणि ते जगभर विकले गेले. 2022 मध्ये जर्मनीनं त्यातले काही नायजेरियाला परत दिले. मला धातूचं कुतूहल, म्हणून मी तिला विचारलं, पितळ कुठलं? तिनं शोधून सांगितलं. पोर्तुगीज व्यापारी बांगडीसारखे पितळी कडे घेऊन जात, पैशासारखे चालायचे ते. त्यांची मोड वितळवून हे फलक झाले. आणि 2023 मध्ये छापून आलेल्या तपासणीनुसार त्या कड्यांचं पितळ निघालं जर्मनीतल्याच ऱ्हाईनकाठचं. म्हणजे तिथेही मोडच. फक्त त्यांच्याकडे मोडीतून देव झाले, आणि माझ्याकडे देवाची मोड झाली.

गोडी लागली तर पुढे दोन ठिकाणं. एक इथलंच, सेमिनरी हिल्सवर भारतीय मानवविज्ञान सर्वेक्षणाचं केंद्र आहे, त्यांचं छोटं संग्रहालय आहे. सरकारी कार्यालय असल्यानं आधी विचारून जा. दुसरं भोपाळचं मानव संग्रहालय, श्यामला टेकड्यांवर, सुमारे 200 एकरांत. तिथे घरंच्या घरं उभारून ठेवली आहेत, आत शिरता येतं, चुलीजवळ वाकून पाहता येतं. पायात चांगले बूट घाला आणि पाणी बरोबर ठेवा. नागपूरहून रात्रीची गाडी धरली तर सकाळी दारात. तिथे मी अख्खा दिवस एकाच घराच्या उंबरठ्यावर काढला होता, कारण उंबरठ्याच्या मधोमध पावलांनी लाकडात चार बोटं खळगा पडला होता.